दोन लाखांचा आवाज पेडगावच्या खोलीत मावेल का?

पावणेदोन ते दोन लाख रुपये. व्हॉल्व्हवर चालणारा, नामांकित परदेशी कंपनीचा मोठा गिटार ॲम्प भारतात घ्यायचा म्हटलं की आकडा साधारण इथे जाऊन पोचतो. आपल्या परभणीच्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे दोन लाखांचा एक ॲम्प बरोबर साडेसदतीस क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटल उतारा धरला तर पाच एकरांचं अख्खं पीक, तेही बी-खताचा खर्च वजा न करता आणि हमीभाव खरंच हातात पडला तर. गिटारचे पैसे वेगळेच.

हा हिशोब मांडायला लागला माझ्या मावसभावामुळे. तो पेडगावला राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजसाठी रोज परभणीला ये-जा करतो. दोन सुट्ट्यांत काम करून त्याने तीस हजार जमवलेत. बाकीचे ईएमआयवर टाकून थेट मोठाच ॲम्प घ्यायचा, असं त्याच्या डोक्यात आहे. ‘ताई, एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं ना?’ हा त्याचा प्रश्न. तुमच्यापैकी अनेकांचाही असेल.

तर आधी एक गैरसमज काढून टाका. गिटार ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारा डबा नव्हे. ते काम गावातल्या सप्ताहाचा ॲम्प करतो. महाराज जे बोलतील ते जसंच्या तसं भोंग्यातून बाहेर. त्याच सेटला इलेक्ट्रिक गिटार लावून बघा. साधा आवाज किरकिरा आणि पोकळ येतो. डिस्टॉर्शन पेडल चालू केलं तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतं. कारण गिटार ॲम्पचा स्पीकर मुद्दामच अर्धवट ऐकवणारा असतो. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढचं बरंचसं गाळून टाकतो. ती किरकिर तिथेच अडते. म्हणून हा ॲम्प गिटारचाच अर्धा भाग आहे. तो लागतोच, यात वाद नाही. वाद किमतीचा आहे.

महागड्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह असतात. आजोबांच्या काळातला रेडिओ आठवा, बटण दाबल्यावर गरम व्हायला वेळ घेणारा. तीच काचेची नळी. तिच्यावर जास्त भार पडला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू फुटत जातो. तार हलकी छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर गुरगुरणारा. बोटांना मिळणारं हे उत्तर खरं आहे, नुसती जाहिरात नाही. पण मेख अशी की बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये ही मजा आवाज बराच वर नेल्यावर सुरू होते. आणि इथे वॅटचं गणित फसवं आहे. १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. उलट बाजूने बघा. दहा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा पूर्ण उघडला तर शेजारचे दार वाजवायला येतील. दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीपलीकडे आजी झोपलेली असताना, दोन लाखांचा ॲम्प तुम्ही एकवरच ठेवणार. म्हणजे ज्याचे पैसे मोजले तेच ऐकायचं नाही.

नावाच्या वलयाबद्दलही थोडं सांगते. आज ज्या मार्शलचा फोटो वॉलपेपरला लावतात, ती कंपनी सुरू कशी झाली? लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून येणारा फेंडरचा बासमन ॲम्प तिथल्या पोरांना परवडत नव्हता. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी तंत्रज्ञांकडून त्याच सर्किटवर आधारलेला, तिथेच मिळणाऱ्या सुट्या भागांचा ॲम्प बनवून घेतला. म्हणजे आजचा ‘प्रीमियम’ हा त्या काळचा परवडणारा पर्याय होता.

दुसरी गोष्ट क्वीन बँडची. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा बँड. त्यांचा बेसिस्ट जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला लंडनमध्ये कचऱ्यात टाकलेला एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्याने एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि बॅटरीवर चालवला. त्यात व्हॉल्व्हसुद्धा नव्हते, ट्रान्झिस्टर होते. ब्रायन मे याने क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो वर्षानुवर्षं वापरला. ‘गुड कंपनी’ या गाण्यात जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, ती सगळी या डब्यातून निघालेली गिटार आहे. अर्थात, ब्रायन मे याच्याकडे व्हॉक्सचे मोठे ॲम्पही होते, हे लपवायला नको. पण ते होते स्टेडियमसाठी.

आणि खुद्द कंपन्यांना काय वाटतं? फेंडरचा व्हॉल्व्हवाला ट्विन रिव्हर्ब जवळजवळ २९ किलोचा. २०१९ मध्ये त्याच फेंडरने त्याचा डिजिटल अवतार आणला, व्हॉल्व्हशिवाय, वजन जवळपास निम्मं. जुन्या आवाजाची नक्कल आता कंपनी स्वतःच विकते.

मग दोन लाखांचे घेणारे सगळे येडे आहेत का? नाही. स्टुडिओत रोज वाजवणारा, महिन्याला आठ-दहा शो करणारा माणूस तो आवाज पूर्ण उघडू शकतो, आणि त्याचे पैसे त्यातून वसूल होतात. चांगला व्हॉल्व्ह ॲम्प दुरुस्त करत करत तीस वर्षं वापरता येतो, जुना झाला तरी विकला जातो. फक्त दुरुस्त करणारा जवळ हवा. बंद केल्यावरही त्याच्या पोटात शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे यूट्यूब बघून स्वतः उघडायचा उद्योग करू नका.

तुमचं स्टेज कोणतं, हेही बघा. गॅदरिंग, युवक महोत्सव, गणपतीतला कार्यक्रम. तिथे साऊंडवाला एकतर ॲम्पसमोर माइक ठेवतो, नाहीतर हातात एक केबल देऊन मोकळा होतो. लोकांना ऐकू येतं ते त्याच्या मिक्सरमधून. पुढचे निम्मे लोक तर ढोलकीच ऐकत असतात.

मावसभावाला मी सांगितलं ते असं. ईएमआय नको. पंचवीस-तीस हजारांच्या आसपास बारा इंची स्पीकरचा चांगला मॉडेलिंग ॲम्प येतो. त्यात दहा ॲम्पचे आवाज, हेडफोनची सोय, आणि साऊंडवाल्याला द्यायला थेट आउटपुट. तेवढंही नसेल तर पाच-सात हजारांचा दहा वॅटचा साधा ॲम्प एका वर्षासाठी पुरतो. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. दोन ॲम्प सारख्याच आवाजावर लावून, पाठ फिरवून ऐका. जो मोठा वाजतो तोच कानाला भारी वाटतो आणि विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

राहिलेले पैसे? त्यातले थोडे घरच्या अर्थिंगला घाला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी याने हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श केला आणि भर स्टेजवर शॉक लागून तो गेला. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. आपल्याकडे कित्येक घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. असली तरी एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो. गिटारला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. पेडगावच्या घरी त्याने येऊन खड्ड्यात कोळसा-मीठ भरलंय, नवीन वायर ओढलीय. ॲम्पची ऑर्डर अजून जायचीय.