किनारा, कायदा आणि अभिरूप सराव

मालवण तालुक्यातील तोंडवली हे गाव एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी यांच्या मधोमध वसले आहे. सुरूची बने, माडांच्या बागा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि रापणीचे जाळे ओढणारे मच्छीमार हे येथील नित्याचे दृश्य. अशा गावाच्या किनाऱ्यास एखाद्या पहाटे निर्मनुष्य, अनोळखी नौका लागली आणि तीत शस्त्रे आढळली, तर पहिल्या काही तासांत कोणी काय करावयाचे? नौकेस हात कोणी लावावयाचा, कोणाला कळवावयाचे, संशयित दिसल्यास त्याला अडविण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न जसे सुरक्षेचे आहेत, तसेच ते कायद्याचेही आहेत. म्हणूनच उद्याचे वकील, न्यायाधीश आणि प्रशासक घडविणाऱ्या विधी महाविद्यालयांतून अशा प्रसंगांचे अभिरूप प्रशिक्षण देणे अगत्याचे ठरते.

हरिहरेश्वरचा धडा

हा प्रसंग निव्वळ कल्पनेतला नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास एक निर्मनुष्य नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली, काडतुसे व काही कागदपत्रे सापडली. दहीहंडीचा सण दुसऱ्याच दिवशी होता आणि गणेशोत्सव तोंडावर आला होता. जिल्ह्यात तातडीने नाकाबंदी करण्यात आली. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जाताना जून महिन्यात तिचे इंजिन बिघडले, तीवरील माणसांची सुटका झाली आणि नौका वाहत किनाऱ्यास लागली, असा खुलासा त्याच दिवशी विधिमंडळात करण्यात आला. दहशतवादी कटाचा दुवा आढळला नव्हता.

परंतु नौका प्रथम दिसली त्या घटकेस यांतील काहीच कोणास ठाऊक नव्हते. घातपात गृहीत धरून सज्ज राहणे आणि त्याच वेळी कोणा निरपराध्यावर अन्याय होऊ न देणे, अशी दुहेरी जबाबदारी तेथील यंत्रणेवर होती. संकटकाळातील कायद्याची खरी कसोटी याच अनिश्चित अवधीत लागते.

महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्याने याहून कठोर अनुभवही घेतले आहेत. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडी येथे उतरविण्यात आली होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. दोन्ही वेळी संकटाने सागरमार्गेच राज्यात पाऊल टाकले होते.

सरावातील उणीव

२००८ नंतर किनारी सुरक्षेची व्यवस्था नव्याने आखण्यात आली. सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे, प्रादेशिक समुद्रातील सुरक्षेची तटरक्षक दलाकडे आणि किनाऱ्यानजीकच्या गस्तीची राज्याच्या सागरी पोलिसांकडे सोपविण्यात आली. यंत्रणांची सिद्धता अजमाविण्यासाठी ‘सागर कवच’ हा सराव घेतला जातो. यात एक गट घुसखोराची भूमिका घेऊन किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतो आणि दुसरा गट त्याला रोखतो. जानेवारी २०१९ पासून देशाच्या संपूर्ण किनाऱ्यावर ‘सी व्हिजिल’ हा सरावही घेण्यात येऊ लागला. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या ‘ऑपरेशन अभ्यास’ या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत सिंधुदुर्गचा समावेश होता.

या सरावांत गस्तीचा वेग, संदेशवहन आणि यंत्रणांतील समन्वय यांची परीक्षा होते. तथापि घुसखोर पकडला गेला, की सराव बहुधा संपतो. कायद्याचे काम मात्र तेथूनच सुरू होते. पकडलेल्या व्यक्तीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे केव्हा न्यावयाचे, जप्तीचे चित्रीकरण कसे करावयाचे, तपास कोणाकडे जाणार, या प्रश्नांची उजळणी होण्यास अशा सरावात फारसा वाव नसतो.

दुसरीकडे विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाची परंपरा रुजलेली आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार ते अभ्यासक्रमाचे आवश्यक अंग आहे. परंतु अभिरूप न्यायालयात घटनाक्रम आधीच लिहून दिलेला असतो. विद्यार्थ्याने तो गृहीत धरून एका पक्षाची बाजू मांडावयाची असते. प्रत्यक्ष संकटात घटना तुकड्यातुकड्याने कळतात, त्यांतील काही खोट्या निघतात आणि निर्णयासाठी थांबण्याची सवड नसते. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी शाखेत यासाठी वेगळी पद्धत अवलंबिली गेली आहे. तेथे विद्यार्थ्यांना निरनिराळ्या शासकीय पदांच्या भूमिका देण्यात येतात, कल्पित संकटाच्या वार्ता त्यांच्यावर एकामागून एक येऊन आदळतात आणि प्रत्येक पावलाचा कायदेशीर आधार त्यांना सांगावा लागतो. हीच पद्धत आपल्या कायद्यांस आणि आपल्या किनाऱ्यास अनुरूप करून घेता येण्याजोगी आहे.

तोंडवलीचा कल्पित प्रसंग

अशा सरावाची मांडणी कशी असावी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पहाटे पाच वाजता तोंडवलीच्या किनाऱ्यास निर्मनुष्य नौका लागल्याचे रापणकरांना दिसले, अशी कल्पना करावी. विद्यार्थ्यांपैकी कोणी सरपंच, कोणी पोलीस पाटील, कोणी ठाणे अंमलदार, कोणी तटरक्षक अधिकारी, कोणी जिल्हाधिकारी, कोणी न्यायदंडाधिकारी, तर कोणी संशयिताचा वकील होईल. दोघे-तिघे वार्ताहरांची भूमिका घेतील.

पहिला टप्पा माहिती देण्याचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली आहे. तिच्या कलम ३४ नुसार गावातील अजामीनपात्र गुन्ह्यासारख्या विवक्षित बाबी नजीकच्या दंडाधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास तत्काळ कळविणे हे ग्रामपंचायत सदस्यांचे आणि गावकऱ्यांचे कर्तव्य आहे. सरपंचाच्या भूमिकेतील विद्यार्थ्याने ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणून स्वतः नौकेत पाऊल ठेवले, तर बोटांचे ठसे व इतर पुरावा नष्ट होण्याचा धोका त्याच्या ध्यानात आणून द्यावा.

दुसरा टप्पा संशयिताचा. सहा वाजता सुरूच्या बनात एक अनोळखी मनुष्य आढळतो आणि जमाव त्याला घेरतो. संहितेच्या कलम ४० नुसार आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास, अथवा उद्घोषित गुन्हेगारास, सामान्य नागरिक अटक करू शकतो. मात्र त्याला विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. केवळ अनोळखी असणे हा गुन्हा नव्हे. तो परप्रांतीय खलाशी असू शकेल, वाट चुकलेला पर्यटकही असू शकेल. मारहाण करण्याचा अधिकार तर कायद्याने कोणासही दिलेला नाही.

तिसरा टप्पा जप्तीचा. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. भरतीचे पाणी वाढत असून नौका पुन्हा वाहून जाईल, अशी वार्ता सरावाच्या संचालकांनी याच वेळी द्यावी. नौका सुरक्षित जागी हलवावी, तर पुरावा विस्कळीत होतो. न हलवावी, तर तो समुद्रात जातो. निर्णय काही झाला, तरी तो कोणी, किती वाजता आणि कोणत्या कारणाने घेतला याची नोंद व्हावयास हवी.

चौथा टप्पा अधिकारक्षेत्राचा. नौका प्रादेशिक समुद्रातून, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आतून आली की बाहेरून? १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. अनुसूचित गुन्ह्याची नोंद झाल्यास राष्ट्रीय तपास यंत्रणा अधिनियम, २००८ नुसार ठाणे अंमलदार राज्य शासनास आणि राज्य शासन केंद्रास अहवाल पाठविते. तपास त्या यंत्रणेने हाती घ्यावा किंवा कसे, हे केंद्र शासन १५ दिवसांत ठरविते. तोपर्यंत तपास पुढे चालविणे हे स्थानिक ठाण्याचेच कर्तव्य राहते. ‘प्रकरण आता वरिष्ठांचे आहे’ असे म्हणून हातावर हात ठेवून बसता येत नाही.

हक्कांची जपणूक

पाचवा टप्पा न्यायदंडाधिकाऱ्यापुढील. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा काळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे आवश्यक आहे. एवढ्या गंभीर संकटात हे सोपस्कार कशासाठी, असा सवाल विद्यार्थी हमखास करतील. त्याचे उत्तर मुंबई हल्ल्याच्याच खटल्यात आहे. जिवंत पकडल्या गेलेल्या अजमल कसाबवर खुल्या न्यायालयात खटला चालला आणि त्याला वकील देण्यात आला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की आरोपीस प्रथम हजर करण्यात येईल तेव्हा वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्याला समजावून देणे आणि ऐपत नसल्यास शासकीय खर्चाने वकील मिळवून देणे, हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. देशास हादरविणाऱ्या गुन्ह्यातही कायद्याचा मार्ग सोडला गेला नाही, म्हणूनच तो निकाल जगापुढे निःशंकपणे मांडता आला.

पथ्ये आणि लाभ

असा सराव वर्गात अथवा महाविद्यालयाच्या सभागृहात घेणे श्रेयस्कर. तो गावी घ्यावयाचा झाल्यास पोलीस, तहसील कार्यालय व ग्रामपंचायत यांची पूर्वसंमती घ्यावी आणि गावात आधी दवंडी द्यावी. खोटी शस्त्रे वापरू नयेत. कल्पित संशयितास कोणत्याही जाती-धर्माची ओळख देऊ नये. वार्ताहरांच्या भूमिकेतील विद्यार्थ्यांमार्फत एखादी अफवा सोडून ती कशी आवरावी, याचाही पाठ द्यावा. सरावानंतरची चर्चा सरावाइतकीच महत्त्वाची आहे. घेतलेल्या प्रत्येक निर्णयापुढे त्याचे कलम आणि त्याची वेळ लिहून काढली, म्हणजे कोठे अधिकार ओलांडला गेला आणि कोठे कर्तव्य राहून गेले, हे विद्यार्थ्यांना आपोआप उमगते.

या चर्चेस सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक आणि मच्छीमार संस्थांचे प्रतिनिधी यांना पाचारण केल्यास लाभ दुहेरी होईल. समुद्राची भरती-ओहोटी, नौकांचे रंग आणि परक्या होडीची चाल यांची जाण मच्छीमारांना असते. ती विद्यार्थ्यांना पुस्तकातून मिळणार नाही. आपत्कालीन ११२, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक गावकऱ्यांना पाठ असावयास हवेत, तसेच आपले अधिकार कोठे संपतात हेही ठाऊक असावयास हवे.

किनाऱ्यावरील पहिला पहारेकरी मच्छीमार असतो. त्याने दिलेली खबर न्यायालयाच्या निकालापर्यंत अखंड पोहोचावयाची, तर मधला प्रत्येक दुवा कायदेशीर असला पाहिजे. हे दुवे शाबूत राखणारी माणसे संकटाच्या दिवशी अकस्मात निर्माण होत नाहीत. शांततेच्या काळात, चुका करण्याची मुभा असतानाच ती घडवावी लागतात.