निकुंभ, निकम आणि पाटण्याचा शिलालेख

निकम म्हणजे निकुंभ आणि मोरे म्हणजे मौर्य, ही दोन समीकरणे खानदेशात इतकी रुळली आहेत की त्यांचा पुरावा मागणे उद्धटपणाचे वाटते. पुरावा नाही असे नाही, चांगला दगडावर कोरलेला आहे. तो नेमका कशाचा पुरावा आहे, एवढे मात्र कोणी पाहत नाही. नावाचे वय हा एक प्रश्न, ते नाव लावणाऱ्या घराचे वय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हाती लागले की दुसऱ्याचेही लागले, असे आपण परस्पर धरून चालतो.

हे दगड चाळीसगाव तालुक्यात सापडले. वाघळीचा लेख शके ९९१ चा, म्हणजे इ. स. १०६९ चा. यादव राजा सेउणचंद्राचा मांडलिक गोविंदराज त्यात आपले कुळ मौर्य असल्याचे आणि ते सौराष्ट्रातल्या वलभीहून आल्याचे सांगतो. पाटण्याचा लेख १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, हे या लेखामुळे कळते, आणि गणिताच्या इतिहासकारांचे लक्ष तिथेच थांबते. मठाला देणगी देणारे सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव निकुंभवंशीय होते. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. तिथे निकुंभांना सूर्यवंशात बसवून प्रशस्तीचा सगळा थाट केलेला दिसतो. शेवटी मात्र मठाला कोणत्या मालावरचे कोणते उत्पन्न मिळायचे हे सांगण्याची वेळ येते आणि लेख सरळ मराठीत उतरतो, ‘केणें’ म्हणजे विक्रीचा माल यासारखे बाजारी शब्द वापरू लागतो. माझ्या लेखी त्या मराठी ओळींचे मोल वरच्या वंशवर्णनापेक्षा जास्त आहे. वंशवर्णन कवीकडून हवे तसे करून घेता येते, पण उत्पन्नाच्या तपशिलात खोट काढली तर दुसऱ्याच दिवशी भांडण होते.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या मुलखात निकुंभ नावाचे राजकुळ होते, हे पक्के. त्यापुढची वाट अवघड आहे. ध्वनींच्या हिशेबाने पाहिले तर मराठीत स्कंभाचा खांब होतो, कुंभकाराचा कुंभार होतो. ओठांवरचा तो ब किंवा भ सहसा हटत नाही. मग निकुंभाचा निकमच का व्हावा? यावर असे म्हणता येईल की नावे रोजच्या हाकेत झिजतात, त्यांना व्याकरणाचा धाक नसतो. हे मान्य, पण हीच सवलत दिली की कोणतेही नाव कशापासूनही काढता येते. खानदेशात निकुंभ आणि निकम दोन्ही आडनावे नांदतात. त्यांतले निकुंभ हे जुने रूप टिकून राहिले, की निकमांपैकी काहींनी पुढे संस्कृत रूप उचलले, हे दगड सांगत नाही. मोऱ्यांची गोष्ट त्या मानाने सोपी. पालीत मौर्यांचे मोरिय होतेच, तिथून मोरे जवळ आहे. पण मोर हा पक्षीही तितकाच जवळ आहे.

नावाच्या ध्वनीवरून मूळ गाठण्याचा हा खेळ इंग्रजांकडेही दीर्घकाळ चालला. हॅरी पॉटरमुळे आपल्या मुलांना ठाऊक झालेले लाँगबॉटम हे आडनाव ऐकून हसू येते. पण उत्तर इंग्लंडात बॉटम म्हणजे दरीतली सखल जमीन, आणि आडनावाचा अर्थ लांब दरीत राहणारा. पी. एच. रीनी यांनी १९५८ च्या आपल्या आडनावांच्या कोशात प्रत्येक नावाचे जुन्यात जुने लिखित रूप सालासकट दिले. आधी साल, मग अर्थ. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांची वाट उलटी होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे व्युत्पत्तिकोश पुढे तिथल्याच राजवाडे संशोधन मंडळाने छापले. समोरचा शब्द उचलायचा आणि पाणिनीच्या आधाराने थेट संस्कृतापर्यंत न्यायचा, ही त्यांची रीत. गंमत अशी की जुनी दप्तरे त्यांच्याइतकी कोणी धुंडाळली नसतील. इतिहासात अस्सल कागदाशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस शब्दांच्या बाबतीत मधली शतके बेधडक ओलांडतो.

निकमांचा प्रश्न याच मधल्या शतकांत अडकला आहे. शिवाय पाटण्यातला निकुंभ हा राजाचा वंश आहे, आजच्या अर्थाचे आडनाव नव्हे. खानदेशात आडनावे हुद्द्यांवरूनही पडली. कवयित्री बहिणाबाई माहेरच्या महाजन, सासरच्या चौधरी, दोन्ही नावे मुळात मानाची नि कामाची. अशा नावांखाली जुने कुळनाव असले, तर ते झाकले गेले.

मोरे आडनाव मराठ्यांत आहे तसे भिल्लांतही आहे. यावर ठरलेले उत्तर असे की भिल्लांनी आपल्या धन्यांची नावे घेतली. असेल तसेही. पण ते घडताना दाखवणारा कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. आणि केवळ नाव सारखे म्हणून मराठा मोऱ्यांना गोविंदराजाचे वंशज मानायचे असेल, तर तोच न्याय भिल्ल मोऱ्यांनाही लावावा लागेल.