वाहतूक क्षेत्रातील कंत्राटीकरण : चालकाचा मालक कोण?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे शहर मंदिरे आणि महामहम तलावासाठी देशभर प्रसिद्ध आहे. वाहतूक व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना मात्र या शहराची आणखी एक ओळख आहे. तामिळनाडूतील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या काळात, १९७२ मध्ये, येथे ‘चोळन रोडवेज’ या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. १९९७ मध्ये राज्यातील सर्व परिवहन महामंडळांना दिलेली ऐतिहासिक व्यक्तींची आणि राजघराण्यांची नावे काढून टाकण्यात आली. तेव्हापासून ही संस्था तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळ (कुंभकोणम) म्हणून ओळखली जाते.

या महामंडळाचा चालक हा महामंडळाचाच कर्मचारी असे. नेमणूक, वेतन, बढती, शिक्षा आणि निवृत्तिवेतन या सर्व बाबतींत त्याचा एकच मालक होता. त्याच रस्त्यांवरून धावणाऱ्या मालमोटारींची स्थिती याच्या नेमकी उलट होती. कुरुवै आणि सांबा हंगामातील भात थेट खरेदी केंद्रांतून नागरी पुरवठा महामंडळाच्या गोदामांत पोहोचतो तो प्रामुख्याने कंत्राटदारांच्या मालमोटारींतून. धान्य सरकारचे, गोदाम सरकारचे. पण चालक कंत्राटदाराचा किंवा त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीच्या मालकाचा. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर, एकाच प्रकारचा परवाना बाळगणाऱ्या दोन चालकांच्या आयुष्यात एवढी तफावत का असावी, आणि ही दुसरी पद्धत आता पहिल्या क्षेत्रातही का शिरत आहे, हे समजून घेणे कामगार धोरणाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहे.

संघटित चालकाला काय मिळाले?

तामिळनाडूच्या परिवहन महामंडळांत कामगार संघटना प्रबळ आहेत. लेबर प्रोग्रेसिव्ह फेडरेशन, सिटू, आयटक, अण्णा तोळिलसंग पेरवै अशा विविध राजकीय प्रवाहांशी जोडलेल्या संघटना शासनाशी ठरावीक मुदतीचे वेतन करार करीत आल्या आहेत. जानेवारी २०१८ मधील आठवडाभराचा संप या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय. मूळ वेतनाला २.५७ ने गुणावे अशी संघटनांची मागणी होती, तर शासनाची तयारी २.४४ ची होती. अखेर उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने निवृत्त न्यायाधीशांची लवाद म्हणून नेमणूक झाली आणि संप मिटला. वाद तीव्र होता; पण कोणी कोणाशी बोलायचे याबद्दल संदिग्धता नव्हती.

नोकरीच्या सुरक्षिततेलाही कायद्याचा आधार होता. तामिळनाडूच्या १९८१ च्या कायम दर्जाविषयक कायद्यानुसार, औद्योगिक आस्थापनेत २४ महिन्यांच्या कालावधीत ४८० दिवस सलग सेवा झालेल्या कामगाराला कायम करणे बंधनकारक होते. शिक्षेलाही विहित पद्धत होती. कुंभकोणमच्या याच महामंडळाने अपघातानंतर बडतर्फ केलेल्या एका चालकाचे प्रकरण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल महामंडळाच्या बाजूने लागला, हे खरे. परंतु चौकशी, कामगार खात्याची मंजुरी आणि न्यायालय हे सारे टप्पे ओलांडल्यानंतरच तो लागला. कंत्राटी चालकाच्या बाबतीत मात्र ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे तोंडी सांगणेही अनेकदा पुरेसे ठरते.

कंत्राटीकरणाची कारणे

कंत्राटीकरणाकडे केवळ मालकाचा लोभ म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मालवाहतुकीची मागणी हंगामी असते. सुगीच्या दिवसांत गाड्या कमी पडतात, तर इतर वेळी त्या उभ्या राहतात. वाहन खरेदी, देखभाल, इंधन आणि अपघाताची जोखीम दुसऱ्यावर सोपविता आली, तर उद्योगाला आपले भांडवल मुख्य व्यवसायात गुंतविता येते. वाहतूक कंपनी काम उपकंत्राटदाराला देते, तो ते एक-दोन गाड्यांच्या मालकाला देतो आणि मालक चालकाला फेरीच्या हिशेबाने पैसे देतो. या साखळीच्या प्रत्येक कडीवर थोडे कमिशन कापले जाते. शेवटच्या कडीला मिळणारी रक्कम कमी असली, तरी वेळेत पोहोचण्याचे दडपण मात्र पूर्णपणे तिच्यावरच येते. अधिक फेऱ्या म्हणजे अधिक कमाई, हे समीकरण चालकाला झोप टाळण्यास भाग पाडते. म्हणूनच हा प्रश्न केवळ वेतनाचा नसून रस्ता सुरक्षेचाही आहे.

सार्वजनिक महामंडळांत कारण वेगळे आहे. प्रवासी भाडे राजकीय निर्णयावर ठरते, तोटा साचत जातो आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागी भरती लांबते. रिकाम्या जागांमुळे बस आगारात उभ्या राहू लागल्या, की कंत्राटी चालक हा सर्वांत जवळचा उपाय वाटतो. २९ मे २०२३ रोजी चेन्नईत महानगर परिवहन महामंडळाच्या चालक-वाहकांनी याच उपायाच्या विरोधात अचानक काम बंद केले. ९ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या राज्यव्यापी संपाच्या मागण्यांतही रिक्त पदे भरण्याची मागणी होती. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर तो स्थगित झाला. २०२५ मध्ये राज्याच्या आठ परिवहन महामंडळांसाठी चालक-वाहकांच्या ३,२७४ पदांची जाहिरात निघाली. त्यांपैकी सर्वाधिक ७५६ पदे एकट्या कुंभकोणम महामंडळाची होती.

त्याच वर्षी ३० जून रोजी चेन्नईच्या व्यासर्पाडी आगारातून १२० विद्युत बस सुरू झाल्या. या बस खाजगी कंपनीच्या मालकीच्या असून चालकही तिचेच आहेत. वाहक मात्र महामंडळाचे आहेत. एकाच बसमध्ये दोन मालकांचे दोन कर्मचारी हे नव्या व्यवस्थेचे नेमके चित्र होय. मुंबईत बेस्ट उपक्रमाने भाडेतत्त्वावर घेतलेल्या बसगाड्यांच्या चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये वेतनवाढीसाठी सुमारे आठवडाभर संप केला, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला. प्रवाशाच्या दृष्टीने बस ‘बेस्ट’ची होती, वेतनाची जबाबदारी मात्र कंत्राटदाराची होती.

मनमाडचा धडा

मालवाहतुकीतील चालकांची संघटना बांधणे याहून कठीण असते. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे इंधन साठे आहेत. येथून टँकरद्वारे राज्याच्या मोठ्या भागाला पेट्रोल व डिझेल पोहोचते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये, अपघातानंतर माहिती न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करण्यात आली. तिच्या विरोधात १ जानेवारी २०२४ पासून देशाच्या अनेक भागांत चालकांनी काम थांबविले. पानेवाडीचे टँकरही उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या.

२ जानेवारी रोजी केंद्रीय गृह सचिवांनी चर्चा केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी. ही संघटना प्रामुख्याने वाहतूकदारांची, म्हणजे गाडीमालकांची आहे. चर्चेनंतरच ही तरतूद लागू करण्याचा निर्णय घेतला जाईल, असे आश्वासन मिळाले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली तेव्हा हे उपकलम वगळून ठेवण्यात आले. संप चालकांचा होता, शिक्षेची भीतीही चालकांना होती. तरीही वाटाघाटीच्या मेजावर प्रामुख्याने मालक बसले. देशभर विखुरलेल्या, वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे काम करणाऱ्या चालकांचा एक मान्यताप्राप्त प्रतिनिधी नसणे, ही कंत्राटीकरणाची सर्वांत मोठी किंमत होय.

कायद्याची चौकट

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन उपक्रमांत कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला ४८ असे ठरविले. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० ने कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर टाकली आणि विशिष्ट कामांत कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार शासनाला दिला.

बंदीनंतर कामगारांचे काय, याचे उत्तर न्यायालयांनी दिले. हुसेनभाई प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कामगाराच्या उपजीविकेवर ज्याचे आर्थिक नियंत्रण आहे तोच खरा मालक असून मधल्या कंत्राटदारांचा पडदा दूर सारून पाहिले पाहिजे. एअर इंडिया प्रकरणात (१९९६) कंत्राटी पद्धत बंद होताच कामगार मुख्य नियोक्त्याकडे आपोआप वर्ग होतात, असा निर्णय झाला. मात्र स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडिया प्रकरणात (२००१) घटनापीठाने तो फिरविला. आपोआप सामावून घेतले जाण्याचा हक्क नाही; कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तरच कामगार मुख्य नियोक्त्याचा ठरेल, असे त्यात स्पष्ट झाले. परिणामी, पुरावा देण्याचा भार व्यवहारात कामगारावर आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या असून त्यांनी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली आहे. वरील दोन्ही अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले. कंत्राटी कामगारांसाठी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांपर्यंत वाढली. ‘मुख्य कार्यात’ कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई असली, तरी त्याला अपवाद आहेत. वाहतूक आणि चढ-उतार ही कामे, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर, मुख्य कार्य मानली जात नाहीत. म्हणजे सिमेंट कारखान्याला वाहतूक कंत्राटावर देता येते. परिवहन महामंडळासाठी मात्र बस चालविणे हेच मुख्य कार्य ठरते. तेथेही कामात अचानक वाढ झाल्यास किंवा ते काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच होत असल्यास सूट मिळू शकते.

औद्योगिक संबंध संहितेनुसार आस्थापनेतील किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते आणि संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक असते. काम अनेक छोट्या कंत्राटदारांत विभागलेले असेल, तर हे टक्के कोणत्या आस्थापनेचे मोजायचे, हा कळीचा मुद्दा राहतो.

ॲपवरून काम घेणाऱ्या घरपोच सेवेतील कामगारांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत वेगळी तरतूद आहे. मालवाहतूक, खाद्यपदार्थ व किराणा पोहोचविणाऱ्या समूहक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावयाची असून ती कामगारांना देय रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती व २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज होता. त्यांना सामाजिक सुरक्षा मिळते, पण कर्मचाऱ्याचा दर्जा मिळत नाही.

पर्यायी वाटा

मालक बदलत राहिला तरी हक्क टिकवून ठेवता येतात, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ अस्तित्वात आला. शासन, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय मंडळाकडे दोन्ही पक्षांची नोंदणी होते. मालक मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा इत्यादी लाभ देते. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे व उद्या दुसऱ्याकडे गेला, तरी त्याचे खाते एकच राहते. तामिळनाडूनेही १९८२ मध्ये श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करून कल्याण मंडळांची वाट धरली.

परदेशातही हा संघर्ष झाला आहे. अमेरिकेत ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीच्या सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी टीमस्टर्स संघटनेच्या नेतृत्वाखाली १५ दिवस संप केला. अर्धवेळ नोकऱ्या व उपकंत्राटे यांना मर्यादा घालावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. तडजोडीत १० हजार नव्या पूर्णवेळ नोकऱ्या मान्य झाल्या. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये कंटेनर व सिमेंट वाहतुकीसाठी किमान सुरक्षित भाडे ठरविले. कमी भाडे म्हणजे जादा फेऱ्या आणि थकलेला चालक, हे तत्त्व त्यामागे होते. २०२२ अखेर या तरतुदीची मुदत संपली आणि ती टिकविण्यासाठी तेथील मालमोटार चालकांनी वर्षभरात दोनदा संप केला.

या अनुभवांवरून काही दिशा स्पष्ट होतात. साखळी कितीही लांब असली, तरी वेतन आणि अपघात भरपाईची अंतिम जबाबदारी सर्वांत वरच्या नियोक्त्यावर असावी. भविष्यनिर्वाह निधी कंत्राटदाराशी नव्हे, तर चालकाशी जोडलेला असावा. निविदा काढताना सर्वांत कमी दर हाच निकष न ठेवता किमान वेतन व विश्रांतीचे तास हे खर्चाचे अपरिहार्य घटक मानावेत. विशेषतः सरकार स्वतः मालक असते तेथे, म्हणजे धान्याच्या पोत्यांपासून विद्युत बसपर्यंत, या अटी घालणे पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

कुंभकोणमच्या आगारात १९७२ नंतर रुजू झालेल्या चालकाला ‘माझा मालक कोण?’ हा प्रश्न कधी पडला नाही. आज भाताची पोती घेऊन रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाला त्याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. कामगार संहितांच्या यशाची कसोटी याच उत्तरावर लागणार आहे.