स्मृतिभ्रंशग्रस्त ज्येष्ठांसाठी सर्दीच्या विनाचिठ्ठी औषधांची निवड : एक विवेचन

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, ॲसिटिलकोलीन, क्लोरफेनिरामिन, संयुक्त औषधे, वातभ्रम, गृहशुश्रूषा.

प्रस्तावना

सर्दी-पडसे झाले म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. फडताळातील औषधांच्या डब्यातून मागील खेपेस उरलेली गोळी काढली जाते, अथवा कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानात 'सर्दीवर काहीतरी द्या' असे सांगून चार गोळ्या आणल्या जातात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत हा व्यवहार बहुधा निभावून जातो. तथापि घरातील वृद्ध व्यक्तीस स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया जडलेला असेल, तर हीच सवयीची गोळी तिच्या उरल्यासुरल्या स्मृतीवर आघात करू शकते.

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता मर्यादित नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, राष्ट्रीय पाहणीवर आधारित एका अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात. यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते आणि सर्दीच्या औषधाचा निर्णयही मुलगा, सून, मुलगी किंवा जोडीदार घेत असतो. हा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. येथे दिलेली माहिती रुग्णाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यास पूरक आहे, पर्याय नव्हे.

स्मृती आणि ॲसिटिलकोलीन

जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे प्रथम वर्णन केले, तो अल्झायमरचा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. या आजारात मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होतो, हे १९७० च्या दशकातील संशोधनाने स्पष्ट केले. एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचविणारे हे द्रव्य लक्ष देणे, शिकणे आणि आठवणे या क्रियांसाठी आवश्यक असते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलेंटामिन ही औषधे याच ज्ञानावर उभी आहेत. ती आजार बरा करीत नाहीत. मात्र ॲसिटिलकोलीनचे विघटन मंदावून उरलेल्या द्रव्याचा अधिक काळ उपयोग होऊ देतात.

आता दुसरी बाजू पाहू. सर्दीत वाहणारे नाक सुकविणारी जुन्या पिढीची ॲलर्जीविरोधी औषधे, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन इत्यादी, ॲसिटिलकोलीनच्याच कार्यात अडथळा आणतात. नाक सुकते ते बऱ्याच अंशी या अडथळ्यामुळेच. परंतु हा परिणाम नाकापाशी थांबत नाही. ही औषधे सहजपणे मेंदूत शिरतात आणि तेथेही तोच अडथळा निर्माण करतात. परिणामी सकाळी दिलेली डोनेपेझिलची गोळी जे साधू पाहते, ते दुपारी दिलेली सर्दीची गोळी मोडून काढते. एकाच रुग्णाला एकाच दिवशी परस्परविरोधी औषधे दिली जातात आणि देणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते.

वृद्धांना टाळावयाच्या औषधांची जी यादी 'बीअर्स निकष' या नावाने ओळखली जाते, ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०२३ साली केलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीतही पहिल्या पिढीतील ॲलर्जीविरोधी औषधे वृद्धांना, विशेषतः स्मृतिभ्रंश असणाऱ्यांना, टाळावीत असे सांगितले आहे. २०१५ साली अमेरिकेत ३,४३४ ज्येष्ठांच्या दीर्घकालीन निरीक्षणावरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधांचे दीर्घकाळ व अधिक मात्रेत सेवन आणि स्मृतिभ्रंशाची जोखीम यांच्यात संबंध आढळला. संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीस होणारा तात्कालिक त्रास हा निराळा आणि वैद्यकास सुपरिचित असलेला विषय आहे.

वेष्टनामागील घटक

आपल्याकडील 'सर्दीची गोळी' ही बहुधा एक औषध नसून तीन-चार औषधांचे मिश्रण असते. म्हणून नावाकडे न पाहता घटकांकडे पाहणे ही निवडीची पहिली पायरी ठरते.

क्लोरफेनिरामिन हा अशा मिश्रणातील जवळजवळ ठरलेला घटक होय. काही दुकानदार त्यास 'सीपीएम' असेही म्हणतात. प्रौढांच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी सुमारे २० तास लागतात. वृद्धांत याहूनही अधिक वेळ लागू शकतो. दिवसातून तीन वेळा गोळी दिल्यास मागील मात्रा शरीरात असतानाच पुढील मात्रा तीत मिसळते. गुंगी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडणे, तोल जाणे आणि गोंधळ वाढणे हे त्याचे संभाव्य परिणाम आहेत.

फेनिलेफ्रिन हा नाक मोकळे करण्यासाठी घातलेला घटक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये, तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही, असा एकमताने निर्वाळा दिला. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धास ज्याचा लाभ नाही आणि जोखीम मात्र असू शकते, असा हा घटक आहे. काही मिश्रणांत कॅफिनही असते. स्मृतिभ्रंशात रात्रीची झोप आधीच विस्कटलेली असते. त्यात त्याची भर पडते.

पॅरासिटामॉल हा मिश्रणातील तुलनेने सुरक्षित घटक असला, तरी त्याची दुबार मात्रा हा खरा धोका आहे. समजा, सर्दीच्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असून ती दिवसातून तीन वेळा दिली, आणि तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा दिली, तर एकूण मात्रा ४,१०० मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढासाठीची दैनिक कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम मानली जाते. कृश, अल्पाहारी किंवा यकृताचा विकार असलेल्या वृद्धासाठी ती याहून बरीच कमी असते आणि डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी लागते.

खोकल्याच्या द्रव औषधांतही सावधगिरी हवी. काहींत डायफेनहायड्रामिन असते. काहींतील डेक्स्ट्रोमेथॉर्फान हा घटक नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांबरोबर घेतल्यास गंभीर आंतरक्रिया होऊ शकते. आणि स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना अशी औषधे चालू असतात. घरात दुसऱ्या कोणासाठी आणलेली मॉन्टेल्युकास्टयुक्त गोळीही परस्पर देऊ नये. या औषधाच्या मानसिक दुष्परिणामांविषयी अमेरिकेत २०२० साली वेष्टनावर ठळक इशारा सक्तीचा करण्यात आला.

'आजार वाढला' हा गैरसमज

आपल्याकडे तापात असंबद्ध बोलणाऱ्या माणसास 'वात झाला' असे म्हणतात. आधुनिक वैद्यक ज्यास डिलिरियम म्हणते ती ही अवस्था, म्हणजे वातभ्रम, स्मृतिभ्रंशाहून भिन्न आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. वातभ्रम तासा-दिवसांत उद्भवतो आणि कारण दूर केल्यास पुष्कळदा ओसरतो. संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे आणि औषधे ही त्याची प्रमुख कारणे होत.

अडचण अशी की, ज्या घरात आधीच विस्मरण आहे त्या घरात हा फरक ओळखू येत नाही. काल मुलीला नावाने हाक मारणारी आई आज तिला ओळखत नाही, रात्रभर उठून दाराची कडी काढू पाहते, कपडे ओले करते. घरची माणसे खिन्नपणे म्हणतात, 'आजार वाढला.' तीन दिवसांपूर्वी सुरू केलेली सर्दीची गोळी कोणाच्या ध्यानातही येत नाही. गोळीचा दोष आजाराच्या खात्यावर मांडला जातो. त्यापुढे अस्वस्थतेसाठी झोपेचे किंवा मनोविकाराचे औषध सुरू होते, त्याने तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते आणि चालती-बोलती व्यक्ती अंथरुणास खिळते. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरे औषध देण्याच्या या साखळीचे पहिले कडे पुष्कळदा अत्यंत क्षुल्लक असते. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर अशा औषधांबाबत संवेदनशीलता विशेष तीव्र असते.

याच संदर्भात आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांचे नाक वाहू शकते. ताप नाही, खोकला नाही, केवळ नाक सतत गळते आणि हे औषध नुकतेच सुरू झाले आहे किंवा त्याची मात्रा वाढली आहे, असे असेल तर ती सर्दी नसूनही असू शकते. अशा वेळी सर्दीची गोळी न देता डॉक्टरांना तसे कळवावे.

निवडीची रीत

सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. कोणतीही गोळी तिचा काळ कमी करीत नाही. प्रतिजैविकेही विषाणूंवर निरुपयोगी असतात. म्हणून पहिला प्रश्न 'कोणते औषध?' हा नसून 'औषध हवेच का?' हा असावा. नाक नुसते वाहत असेल, परंतु खाणे, पिणे व झोप ठीक असेल, तर रुमाल आणि थोडा धीर पुरेसा आहे.

ताप किंवा अंगदुखी असल्यास केवळ पॅरासिटामॉल हा एकच घटक असलेली गोळी, डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत व वेळ लिहून ठेवून द्यावी. नाक चोंदल्यास मिठाच्या निर्जंतुक द्रावणाचे नाकातील थेंब हा सुरक्षित उपाय होय. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब डॉक्टरांना विचारूनच व तीन दिवसांपुरतेच वापरावेत. अधिक काळ वापरल्यास नाक पुन्हा अधिकच चोंदते. नवीन पिढीतील फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांची मेंदूवरील गुंगी कमी असली तरी साध्या सर्दीत त्यांचा लाभ अल्प आहे. सेटिरिझिनने काही वृद्धांना गुंगी येते.

घरगुती उपायांतही तारतम्य हवे. कोमट पाणी, पेज, सूप, झोपताना चमचाभर मध हे उपाय उपकारक आहेत. मात्र मधुमेहात मधाचे प्रमाण जपावे आणि गिळताना ठसका लागत असल्यास पातळ पदार्थ बसवून, सावकाश द्यावेत. ज्येष्ठमध घातलेला काढा अनेक दिवस दिल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देणे टाळावे. सूचना न उमजणाऱ्या व्यक्तीच्या हातून पातेले कलंडून भाजण्याचा धोका असतो. कापूर किंवा मेंथॉलयुक्त मलमाची डबी हाताशी ठेवू नये. ती खाद्यपदार्थ समजून तोंडात घातली जाऊ शकते. ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकताना ती आधी स्वतःच्या मनगटास लावून पाहावी.

औषधांच्या दुकानातील संवाद

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांची रचना करताना 'विनाचिठ्ठी औषधे' अशी स्वतंत्र वर्गवारी करण्यात आली नव्हती. ज्या औषधांस चिठ्ठीचे बंधन नाही ती व्यवहारात विनाचिठ्ठी समजली जातात. म्हणजे 'चिठ्ठी लागत नाही' याचा अर्थ 'सर्वांस निर्धोक' असा होत नाही. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारतात डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आला. बालकाबाबत जी दक्षता शासनाने घेतली, ती स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धाबाबत कुटुंबाने स्वतः घ्यावयाची आहे.

त्यासाठी दुकानात तीन गोष्टी सांगाव्यात : रुग्ण वृद्ध असून त्यास स्मृतिभ्रंश आहे, त्यास अमुक औषधे चालू आहेत, आणि मिश्रण नको, एकच घटक असलेले औषध हवे. चालू औषधांची यादी कागदावर लिहून पाकिटात बाळगावी. वेष्टनावरील अक्षर बारीक असल्यास घटक दुकानदाराकडून वाचून घ्यावेत आणि त्यांत क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन किंवा प्रोमेथाझिन असल्यास औषध परत करावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र घरी थांबू नये : श्वास जलद होणे किंवा धाप लागणे, ताप तीन दिवसांहून अधिक टिकणे, खाणे-पिणे बंद होणे, लघवी न होणे, सतत ग्लानी, अथवा एका-दोन दिवसांत गोंधळ एकाएकी वाढणे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण 'छातीत दुखते' असे सांगू शकतोच असे नाही. त्याचे बदललेले वागणे हीच त्याची तक्रार असते. डॉक्टरांकडे जाताना गेल्या आठवड्यात दिलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन सोबत न्यावे.

निष्कर्ष

१. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास जुन्या पिढीची ॲलर्जीविरोधी औषधे असलेली सर्दीची मिश्रणे देऊ नयेत.
२. औषधाची निवड नावावरून न करता घटकांवरून करावी. शक्यतो एका वेळी एकच घटक द्यावा.
३. औषधाविना सर्दी बरी होऊ देणे हाही एक विचारपूर्वक केलेला उपचार आहे.
४. एकाएकी वाढलेला गोंधळ हा आजाराचा पुढचा टप्पा आहे असे गृहीत धरण्यापूर्वी नव्याने सुरू झालेली औषधे तपासावीत.

समारोप

स्मृतिभ्रंशाच्या वाटचालीत कुटुंबाच्या हाती फार थोड्या गोष्टी उरतात. आजार थांबविता येत नाही, गेलेली ओळख परत आणता येत नाही. परंतु जे अद्याप उरले आहे ते आपल्याच हातून हिरावले जाऊ नये, एवढे निश्चित साधता येते. आपल्यापैकी अनेक अध्यापकांच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या उपक्रमात घरोघरचा औषधांचा डबा उघडून घटकांची नावे वाचावयास विद्यार्थ्यांना शिकविले, तर वर्गातील रसायनशास्त्र घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचेल. आरंभ मात्र आपल्या स्वतःच्या फडताळापासून व्हावयास हवा.