उसन्या हाडावर पहारा

डहाणू-तलासरीतल्या रुग्णाची हाडातली गाठ काढल्यावर पोकळी भरायला दात्याचे हाड लागले, तर वाट बहुधा मुंबईची. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासूनची. तिथे गोठवून सुकवलेले हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक होते; मात्रा २५ किलोग्रे.

ही दक्षता हवीच. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात २३ वर्षांचा तरुण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच दगावला. बसवलेल्या ऊतीतून ‘क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली’ हा जिवाणू शरीरात गेला होता. दात्याचा मृतदेह शीतपेटीत जाईपर्यंत १९ तास उलटले होते. तेवढ्या वेळात आतड्यातले जिवाणू हाडापर्यंत पोहोचू शकतात. त्यांचे बीजाणू प्रतिजैविकांच्या द्रावणाला सहज दाद देत नाहीत.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतिपेढ्याही आल्या. नोंदणी सक्तीची झाली. हाड कुठल्या पेढीचे, हे रुग्णाने जरूर विचारावे.