रिपोर्टमधला आकडा आणि खाटेवरचा पेशंट

इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलात काय किंवा शहरातल्या एखाद्या खासगी आयसीयूबाहेर काय, सेप्सिसची शंका आली की नातेवाइकांच्या कानावर तीन नावं पडतात: सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट. आकडा मोठा दिसला की घरच्यांचा धीर सुटतो, म्हणून तो येतो कुठून ते पाहू.

सेप्सिसमध्ये जंतूंशी लढणारा शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू यांना इजा करू लागतो. कोणता जंतू आहे हे ब्लड कल्चर सांगतं, पण त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि पेशंटच्या हाताशी तेवढा वेळ नसतो.

सीआरपी यकृतात तयार होतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडलं. मात्र हाड मोडलं, सांधे सुजले तरी ते वाढतं, आणि वाढतंही सावकाश.

प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट जास्त रंजक आहे. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत बनतं आणि तिथेच त्याचं कॅल्सिटोनिन होतं, त्यामुळे रक्तात ते जवळपास नसतंच. जिवाणूंचा जोरदार संसर्ग झाला की यकृत, चरबी असे इतर अवयवही ते बनवू लागतात. त्याचं कॅल्सिटोनिन करण्याची सोय मात्र त्यांच्याकडे नसते, म्हणून ते तसंच रक्तात उतरतं. काही तासांतच आकडा चढू लागतो. विषाणूंच्या तापात तो सहसा फारसा चढत नाही. पावसाळ्यात डेंग्यू की जिवाणूंचा ताप, असा पेच पडतो तेव्हा याचा थोडा आधार मिळतो. थोडाच, कारण मलेरिया, मोठं ऑपरेशन, भाजणं, मूत्रपिंडाचा विकार यांतही तो वाढतो. नवजात बाळाचा तर पहिले दोन-तीन दिवस मुळातच जास्त असतो.

लॅक्टेटचं काम वेगळं. ते जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. पेशींची आबाळ होतेय का, एवढंच सुचवतं. २ मिलिमोलच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. नमुना लॅबमध्ये लगेच पोचवावा लागतो, कारण नळीतल्या रक्तपेशीही लॅक्टेट बनवत राहतात आणि उशीर झाला तर आकडा फुगतो.

म्हणून एका रिपोर्टवरून निदान होत नाही. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नये, असंच २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग औषध थांबवताना आहे. समजा, पहिल्या दिवशी ते १० होतं, मग ५, मग २.४ आणि पाचव्या दिवशी १.८. सर्वोच्च आकड्यापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५च्या खाली आलं, आणि पेशंटही सुधारत असला, तर अँटिबायोटिक बंद करण्याचा विचार होतो. आकडा उतरूनही लघवी होत नसेल किंवा रक्तदाब औषधावरच तगून असेल, तर रिपोर्ट बाजूला ठेवून पेशंटला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासावं लागतं.