फायबरच्या बोटीची चकाकी का जाते? सिरॅमिक कोटिंग तिला खरंच वाचवतं का?

फायबरची नवी बोट पाण्यात उतरते तेव्हा आरशासारखी चमकत असते. काही उन्हाळे गेले की त्याच बोटीच्या बाजूवरून हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. गडद निळ्या किंवा लाल बोटींवर तर हा फिकटपणा लांबूनही दिसतो.

यावर उपाय म्हणून आता गाड्यांप्रमाणे बोटींसाठीही सिरॅमिक कोटिंग विकलं जातंय. बोटीभोवती काचेचं कवच तयार होतं, असं विक्रेते सांगतात. पण हे कोटिंग नेमकं काय करतं आणि काय करत नाही?

ही भुकटी येते कुठून?

फायबरची बोट म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन यांचे एकावर एक बसवलेले थर. त्यातल्या सगळ्यात बाहेरच्या रंगीत, गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते.

उन्हातले अतिनील किरण या थरातल्या रेझिनचे रासायनिक बंध तोडतात. हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा त्यात भर घालतात. रेझिन झिजलं की त्यात धरून ठेवलेले रंगाचे कण मोकळे होतात. हाताला लागते ती हीच भुकटी. पृष्ठभाग खरबरीत झाला की त्यात मीठ, डिझेलची काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा रुतून बसते.

मग बोट घासून, पॉलिश करून पुन्हा चमकवली जाते. पण दरवेळी घासताना जेलकोटचा थोडा भाग निघून जातो. तो फार पातळ झाला की खालचे काचेचे धागे दिसू लागतात आणि पुन्हा जेलकोट किंवा रंग लावण्याचा मोठा खर्च येतो. म्हणून खरा प्रश्न चकाकीचा नाही. जेलकोट घासण्याची वेळ किती कमी वेळा येईल, हा आहे.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे काय?

नाव सिरॅमिक असलं तरी याचा कपबशीच्या चिनीमातीशी संबंध नाही. बाटलीत सिलिकॉनची संयुगं असलेला द्रव असतो. तो पृष्ठभागावर पसरला की हवेतल्या ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होते आणि सिलिकॉन व ऑक्सिजनचं घट्ट जाळं तयार होतं. काचेची रचनाही मुळात अशाच जाळ्याची असते.

हा थर सहसा एक-दोन मायक्रॉनचाच असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. मेण नुसतं वर बसतं आणि ऊन-पाण्यात लवकर निघून जातं. कोटिंग पृष्ठभागाला चिकटून राहत असल्यामुळे जास्त टिकतं. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. त्यामुळे मळ कमी चिकटतो आणि बोट धुणं सोपं होतं.

'९एच' म्हणजे ओरखडा येणारच नाही?

नाही. ९एच हा आकडा पेन्सिलच्या चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून तो मोजतात. ज्या मापनात हिरा १० वर असतो, ते मोह्स मापन वेगळं. जेट्टीला घासलेली किंवा नांगराची साखळी लागलेली बोट कोटिंग असूनही ओरबाडणारच.

शिवाय थेंब उन्हात जागेवरच सुकले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. अतिनील किरण किती अडतात, हेही त्या उत्पादनात कोणती रसायनं मिसळली आहेत यावर ठरतं.

बोटीच्या तळाला चालेल का?

सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाचं दुखणं वेगळं आहे. तिथे शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचधारी जीव चिकटतात. बोट जड होते, वेग कमी होतो, इंधन जास्त जळतं. त्यासाठी अँटिफाउलिंग रंगच लागतो. चमक राखण्यासाठीचं सिरॅमिक कोटिंग पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागासाठी असतं.

पाय ठेवायच्या डेकवरही ते लावण्याआधी उत्पादनावरच्या सूचना वाचा. पृष्ठभाग निसरडा होणं बोटीवर धोक्याचं आहे. लाकडी होडीसाठी हा उपाय नाही. लाकूड फुगतं, आकसतं, त्याला तेल, वॉर्निश किंवा रंगच हवा.

लावताना काय सांभाळायचं?

• आधी बोट गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.
• भुकटी झालेला थर कंपाउंडने काढा, मग पॉलिश करा. हे टाळलं तर फिकटपणा कोटिंगखाली तसाच राहतो.
• पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
• सावलीत, थंड पृष्ठभागावर, एका वेळी छोटाच भाग घ्या. जास्तीचं कोटिंग वेळेत पुसलं नाही तर डाग कडक होतात आणि ते घासूनच काढावे लागतात.
• हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. घासताना मास्क लावा.
• कंपनीने सांगितलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नका.

कोकणात पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा हे काम उरकावंसं वाटणं साहजिक आहे. पण उघड्यावर पावसाची सर आणि अति दमट हवा दोन्ही घात करतात. बंदिस्त शेड नसेल तर पाऊस संपेपर्यंत थांबलेलं बरं.

मग खर्च करावा का?

बोट फायबरची असेल, उन्हात उभी राहत असेल आणि फेरीनंतर ती धुतली जाणार असेल, तर कोटिंगचा उपयोग होतो. प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी मारणं आणि सौम्य साबण वापरणं सुटलं, तर महागडं कोटिंगही लवकर निकामी होतं. चांगलं धुतल्यावरही पाण्याचे थेंब होत नसतील, तर थर झिजला असं समजा.

एवढा खर्च जमत नसेल तर ठरावीक काळाने मेण आणि बोट उभी असताना आच्छादन, हा जुना मार्ग आहेच. कोकणात पावसाळ्याआधी होड्या झापांनी शाकारून ठेवतात, ते पावसापासून वाचवण्यासाठी. तेच आच्छादन उन्हाळ्यातही घातलं, तर जेलकोटवर ऊन पडतच नाही.